हुकुमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य



पन्हाळ्यावर गेला नाही असा आपल्या धर्मग्रामात कोणी सापडणार नाही. पाहुणे आले की तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, नंतर पिठलं-भाकरी आणि अंधार पडायच्या आत परत, हा आपला ठरलेला कार्यक्रम. त्याच गडावर एका कारभाऱ्याची समाधी आहे आणि तिच्यासोबत त्यांच्या पत्नीचीही. ती बराच काळ मातीखाली गेली होती. अजूनही तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. आम्ही स्वतः कितीतरी वेळा गडावर जाऊन वळलो नव्हतो, तेव्हा इतरांना काय बोलणार?

ही समाधी रामचंद्र नीळकंठ यांची, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्यांची. शाळेत अष्टप्रधानांची यादी पाठ करताना त्यांचे नाव येते आणि परीक्षा झाली की पुसले जाते. मात्र हा माणूस पाच छत्रपतींच्या कारकिर्दीत वावरला, त्यातली आठ वर्षे जवळजवळ सबंध महाराष्ट्र त्याने राजाच्या गैरहजेरीत सांभाळला आणि शेवटी राज्य कसे चालवावे यावर मराठीत एक असा लेख मागे ठेवला की ज्याची बरोबरी करणारा दुसरा चटकन सांगता येत नाही. त्या लेखात एक गोष्ट ते बजावून सांगतात. चाकरीचे बक्षीस म्हणून कोणाला जमीन तोडून देऊ नये. आणि हे सांगणारे पंत स्वतः मोठ्या जहागिरीचे मूळ पुरुष! हा पेच आम्हाला बरेच दिवस सतावत होता. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

पंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या पहिल्या पिढीतले विश्वासू कारभारी. आजोबा सोनोपंतही भोसल्यांच्याच पदरी होते. म्हणजे घरात दौत-लेखणी आधीपासूनच होती. १६७२ मध्ये वडील वारले आणि त्यांचे काम मुलांकडे आले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत रामचंद्रपंत हे वयाने सर्वांत लहान, जेमतेम चोविशीचे. अमात्याला आधी मुजुमदार म्हणत. साऱ्या राज्याचा जमाखर्च तपासायचा, कुठून किती आले व कुठे किती गेले हे राजाला सांगायचे, हे त्याचे काम. आपल्याकडे चर्चच्या हिशेबाला बसणाऱ्या मंडळींना हे काम किती लोकप्रिय असते हे वेगळे सांगायला नको.

शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले. संभाजी महाराजांच्या काळात दरबारात कट झाले, मोठमोठी माणसे त्यात संपली. पंत टिकले. त्या नऊ वर्षांवर इथे लांबण लावत नाही, कारण त्यांचे खरे काम नंतर सुरू झाले.

१६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वराला पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांना हाल करून मारले. रायगडाला वेढा पडला. एकोणीस वर्षांच्या राजाराम महाराजांना गादीवर बसवले होते, पण तेही हाती लागले तर सगळेच संपणार होते. म्हणून ते रायगडावरून निघाले, पन्हाळा-विशाळगड करीत वेषांतराने दक्षिणेकडे गेले आणि नोव्हेंबरात तमिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. त्याच सुमारास रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा शेकडो मैल दूर, राजधानी शत्रूकडे, तिजोरी रिकामी, आणि बादशहा स्वतः मोठी फौज घेऊन महाराष्ट्रात ठाण मांडून बसलेला. अशा वेळी मागे राहिलेल्या मुलखाचा सगळा अधिकार राजाराम महाराजांनी पंतांच्या हाती दिला आणि त्यांना हुकुमतपन्हा हा किताब दिला. हुकमतीचा आसरा, असा त्याचा अर्थ. म्हणजे प्रत्येक गोष्टीला जिंजीहून मंजुरी येण्याची वाट पाहायची गरज नाही, पंत म्हणतील तो हुकूम.

विशाळगड हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. जोडीला शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक, तर मैदानात संताजी घोरपडे व धनाजी जाधव. संताजी-धनाजींच्या घोड्यांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. पण त्या घोड्यांना दाणा कोठून येत होता, शिपायाच्या घरी काय पोचत होते, पडलेल्या गावात पुन्हा नांगर कसा लागत होता, हे कोणी विचारत नाही. ते पंतांचे खाते. मोगलांकडे गेलेला पन्हाळा १६९२ मध्ये परशुरामपंतांनी परत घेतला, तोही याच काळात.

या सगळ्यात सर्वांत अवघड लढाई तलवारीची नव्हती. औरंगजेबाने एक साधे हत्यार काढले होते. देशमुख, पाटील, सरदार, जो कोणी मराठा त्याच्याकडे येईल त्याला तो मनसब आणि वतन देत होता. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क, आणि त्याबरोबर येणारी जमीन व मान. आपल्या गावाकडे भावकीत एका बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात, तेव्हा त्या काळी वतनाची ओढ काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. माणसे जाऊ लागली. आज इकडे, उद्या तिकडे. रोख पगार द्यायला पैसा नव्हता. मग पंतांनी आणि शंकराजींनी तोच मार्ग धरला जो शत्रूने धरला होता: परत या, वतन आम्ही देतो. शिवाजी महाराजांनी अशा देण्यांना शक्यतो आळा घातला होता. आता सनदांवर सनदा निघू लागल्या. जिंजीहून राजाराम महाराजांनी १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होनांच्या नेमणुकीचे वचन दिले, आणि त्यातला काही भाग रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर व उरलेला दिल्ली घेतल्यावर मिळायचा होता! हातात नसलेल्या मुलखाचे वाटप चालू होते. आणि गंमत अशी की ते फळाला आले. माणसे परतली, लढली, आणि बादशहाला महाराष्ट्र काही केल्या पचला नाही.

राजाची तिजोरी रिकामी झाली की राजे हेच करतात, आणि ते केवळ आपल्याकडे नव्हे. पंतांच्या जन्माआधी चाळीसेक वर्षे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स असाच पैशाच्या अडचणीत होता. त्याने १६११ मध्ये बॅरोनेट नावाचा नवा वंशपरंपरागत किताब काढला. ज्या जमीनदाराचे जमिनीचे उत्पन्न वर्षाला हजार पौंड असेल त्याने १,०९५ पौंड भरावेत व नावामागे सर लावावे. पैसा आयर्लंडमधल्या सैन्यासाठी, असे सांगण्यात आले. फरक एवढाच की जेम्सने किताब विकून पैसा घेतला आणि इकडे पैसा नव्हता म्हणून हक्क वाटले गेले. दोन्हीकडे राजाचे थोडे थोडे राजेपण दुसऱ्याच्या घरी जात होते.

जिंजी १६९८ च्या सुरुवातीला मोगलांनी घेतली, पण राजाराम महाराज त्याआधीच निसटून महाराष्ट्रात आले होते. दोन वर्षांत, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर त्यांचे निधन झाले. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवले आणि सूत्रे स्वतः हाती घेतली. आता परशुरामपंतांचे वजन वाढले. ज्याने आठ वर्षे सर्वाधिकार चालवला त्याला दुसऱ्या रांगेत उभे राहणे जड गेले असेल. तरी पंत राहिले. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि भोसल्यांचे घर दुभंगले. कोणाची बाजू घ्यावी या घालमेलीत शंकराजी नारायणांनी जीव दिला. परशुरामपंत पुढे शाहूंच्या हाती लागून त्यांचे झाले. पंत मात्र ताराबाईंबरोबर दक्षिणेकडेच राहिले, आणि १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी राहिली. आपले कोल्हापूर संस्थान म्हणतात ते तिथून.

इथपर्यंत सांगायला बरे वाटते. पुढचे तितके सोपे नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजवाड्यातच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी यांना पुढे करून ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकण्यात आले. यामागे पंतांचा हात होता असेच इतिहासकार मानतात. ज्या बाईने बादशहाशी सात वर्षे झुंज दिली तिला तिच्याच गडावर कोंडले गेले. तिचा अठरा वर्षांचा मुलगा पुन्हा मोकळा झाला नाही, कैदेतच वारला. ताराबाई मात्र या सर्वांना पुरून उरल्या आणि १७६१ पर्यंत जगल्या. पंतांनी हे का केले असेल? राज्य वाचवायला, की आपले स्थान वाचवायला? आम्हाला वाटते दोन्ही असेल, आणि करणाऱ्यालाही त्या दोहोंतली रेघ स्पष्ट दिसत नसेल. चांगल्या कामासाठी वाकडी वाट धरणाऱ्यांची हीच अडचण असते. पंतांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की त्यांच्यासमोर तेव्हा चांगला पर्याय फारसा नव्हता. तरीही कैदेतल्या त्या मुलाचा विसर पडू नये.

याच गडावर, यानंतर वर्षभरात, १७१५ च्या सुमारास, नव्या संभाजी महाराजांच्या नावाने एक आज्ञापत्र तयार झाले. लिहिणारे रामचंद्रपंत. वय पासष्ट. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा राजनीती म्हटले की प्लेटो, ॲरिस्टॉटल, फार तर मॅकियाव्हेली. मॅकियाव्हेलीने आपले पुस्तक नोकरी गेल्यावर, शेतावर बसून लिहिले. आमच्या घरापासून वीस किलोमीटरवर एका माणसाने चाळीस वर्षांचा कारभार करून तसलाच विषय मराठीत लिहून ठेवला आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही म्हणा.

आज्ञापत्र हे कोरडे शास्त्र नाही. त्यात सुरुवातीला शिवाजी महाराजांपासूनची हकिकत येते, मग राजाने कसे वागावे, प्रधान कसा असावा, सावकाराला का सांभाळावे, गड कसा राखावा, आरमार कसे बांधावे. बारीकसारीक गोष्टींत पंतांचे मन दिसते. गडावरचा केरकचरा दरीत फेकू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाज्या पिकवाव्यात. (आपल्या आवारातल्या कचऱ्याच्या प्रश्नावर कमिटीत जी चर्चा होते तिच्यापेक्षा हे तीनशे वर्षांपूर्वीचे उत्तर अधिक स्पष्ट आहे.) गडावर पाण्याच्या एकाच जागेवर विसंबू नये. आरमाराला लाकूड लागते, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहात नाही. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. जमाखर्च बघणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे. फुकट तोडलेल्या झाडाची किंमत शेवटी कोणाच्या तरी नावे पडते, हे त्याला ठाऊक होते.

आता त्या पेचाकडे येऊ. वतनदारांविषयी पंत म्हणतात की हे लोक आपापल्या जागी छोटे राजेच असतात, राज्याचे वाटेकरीच म्हणा. आहे त्यावर त्यांचे समाधान नसते, नवे मिळवावे, बळ धरावे आणि परचक्र आले की वतनाच्या आशेने आधी शत्रूला जाऊन भेटावे, ही त्यांची रीत. म्हणून त्यांना बुडवूही नये आणि मोकळेही सोडू नये, माया आणि धाक यांच्यामध्ये ठेवावे. चाकरीबद्दल बक्षीस द्यायचे तर पैसा द्यावा, मान द्यावा, जमीन कायमची तोडून देऊ नये. आज एक गाव, उद्या दुसरे, असे करता करता राजाच्या हाती राज्याचे नावच उरते.

हे वाचताना प्रथम आम्हाला राग आला होता. सनदा कोणी वाटल्या? गगनबावड्याची जहागीर कोणाच्या घराण्याकडे गेली? (हा बावडा म्हणजे आपला कसबा बावडा नव्हे, कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावरचा, गगनगडाखालचा.) लोकांना उपवास सांगून स्वतः पोटभर जेवल्यासारखे वाटले. दुसऱ्यांदा वाचल्यावर मत थोडे बदलले. १६८९ मध्ये त्यांनी वतने दिली नसती तर राज्यच उरले नसते. पण बुडत्या होडीतून बाहेर फेकलेल्या सामानाला किंमत नव्हती असे कोणी म्हणू नये. आपण काय देऊन बसलो याचा हिशेब पंतांइतका कोणाकडे नव्हता, कारण त्या देण्यामागे हात त्यांचाच होता. म्हातारपणी ते कोवळ्या वयाच्या राजाला सांगत होते की आम्ही नाइलाजाने केले ते तू सवयीने करू नकोस. स्वतःची जहागीर त्यांनी परत केली नाही हे खरे. तेवढा कमीपणा त्यांच्या नावावर राहणारच.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. सरंजामदार मोठे होत गेले आणि छत्रपती नावापुरते उरले.

आज्ञापत्रातला आणखी एक भाग आपल्याला टाळता येणार नाही, कारण तो आपल्याजवळचा आहे. पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार या टोपीकरांविषयी पंत फार सावध आहेत. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, यांना येथे जागा हवी आहे, राज्य वाढवायचे आहे आणि आपले धर्ममतही रुजवायचे आहे, असे ते सांगतात. त्यांना व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी किंवा गडाजवळ जागा देऊ नये, दिलीच तर किनाऱ्यापासून काही कोस आत, सखल जागी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. या भागातल्या लोकांना हा अनुभव नवा नव्हता. पंत दहा वर्षांचे असताना, १६६० मध्ये, सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपले निशाण फडकावून गडावर तोफा डागायला आले होते. महाराजांनी दुसऱ्या वर्षी राजापूर लुटून रेव्हिंग्टन आदी इंग्रजांना कैद केले.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, सप्टेंबर १६१५ मध्ये, त्याच जेम्स राजाचा एक दरबारी, सर टॉमस रो, वकील म्हणून सुरतेला उतरला होता. त्याने कंपनीला कळवले की या देशात किल्ले आणि जमिनी यांच्या नादी लागू नका, पोर्तुगीज त्यातच खंगले, तुम्ही समुद्रावर शांतपणे व्यापार करा. कंपनीने पुढे त्याचे ऐकले नाही, आणि आपल्या राजांनी पंतांचे ऐकले नाही.

आम्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेल्या मिशनरींच्या परंपरेतले. पंतांचा तो उतारा वाचताना अवघडल्यासारखे होते, हे कबूल करायला हरकत नाही. पण श्रद्धा आणि तोफा एकाच गलबतातून उतरल्या तर किनाऱ्यावरच्या माणसाने त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? पंतांनी जे पाहिले ते लिहिले. आपल्या पूर्वजांविषयी शेजाऱ्यांना काय वाटत होते हे त्यांच्याच शब्दांतून कळणे आम्हाला मोलाचे वाटते, कडू असले तरी.

रामचंद्रपंत १७१६ मध्ये पन्हाळ्यावर वारले. त्यांच्या वंशजांकडे पंत अमात्य बावडेकर या नावाने बावड्याची जहागीर कोल्हापूरच्या छत्रपतींखाली चालत राहिली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थानच मुंबई राज्यात विलीन झाले आणि जहागिरीही पाठोपाठ गेल्या. आज्ञापत्र मात्र छापील स्वरूपात मिळते, पातळ पुस्तक आहे. भाषा जुनी असल्याने पहिली चार पाने जड जातील, तरी झाडांचा आणि गडांचा भाग आधी काढावा, म्हणजे हात बसतो. मुलांना घेऊन पन्हाळ्यावर जाल तेव्हा समाधीपाशी थांबा, आणि गडावर कोणी वाट विचारली तर त्यांनाही दाखवा.